कप्तानांचे जास्तीचे किलो

"संध्या, तू फक्त बघ! पाऊण तासात शंभर जर्मनांना बेटावर नेऊन परत आणतो. तेही खुर्चीतून न उठवता!"

एर्लांगेनच्या आपल्या स्वयंपाकघरात शरदचंद्र रेगे भाषणाच्या आमंत्रणाचं पत्र फडकावत उभे होते. पत्र जुन्या सीप्लेनवर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर, प्रेम करणाऱ्या एका फेराइनकडून आलं होतं. जर्मनीत सात माणसांची एक आवड जुळली की लगेच त्यांचा फेराइन निघतो, नियमावली आणि खजिनदारासकट. पत्राची सुरुवातच होती, 'अतिशय आदरणीय कप्तान रेगे'.

संध्याताई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कप्तान?"

"अगं, म्हणतात प्रेमानं."

"त्यांना खरं सांगितलंत का?"

"विचारलं तर सांगेन की!" शरदचंद्र म्हणाले आणि चार मटार तोंडात टाकून हॉलमध्ये सटकले.

खरं काय, ते संध्याताईंना लग्नापासून ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी, सत्ताविशीतल्या शरदचंद्रांनी हिंदी महासागरातल्या कुठल्याशा बेटांवर 'सी-टर्न एअर' नावाच्या कंपनीत दोन वर्षं नोकरी केली होती. तीन छोटी विमानं, एक लाकडी धक्का आणि झावळ्यांनी शाकारलेली तिकीट-खिडकी, एवढाच कंपनीचा पसारा. पुढे कंपनी बुडाली, विमानं विकली गेली, धक्का लाटांनी नेला. उरल्या त्या शरदचंद्रांच्या आठवणी. आणि त्या मात्र वर्षागणिक फुगत गेल्या.

कारण शरदचंद्र तिथे वैमानिक नव्हते. ते वजन करायचे! धक्क्यावर काटा मांडून प्रत्येक प्रवाशाला त्यावर चढवायचं, आकडा पाटीवर लिहायचा, बेरीज करायची. त्यांनी मान हलवल्याशिवाय पंखा फिरत नसे. काम जोखमीचं होतं, पण सांगायला 'वजन करायचो' हे जरा किराणा दुकानासारखं वाटे.

मग अठ्ठ्याऐंशी साली मराठी मंडळाच्या सहलीत पद्माकर नावाच्या एका मित्रानं विचारलं, "म्हणजे तुम्ही विमानं उडवायचात?" शरदचंद्रांच्या तोंडात त्या वेळी अख्खा बटाटेवडा होता. त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की वडा गरम होता म्हणून, हे त्यांनाही आता आठवत नाही. वडा गिळून होईपर्यंत बातमी चटणीबरोबर शेवटच्या चटईपर्यंत पोचली होती! तेव्हापासून ते 'कप्तानकाका'. हॉलमध्ये फोटोही होता. विमानापुढे पांढऱ्या शर्टात शरदचंद्र, डोक्यावर कप्तानाची टोपी. टोपी खऱ्या कप्तानानं एका फोटोपुरती दिली होती आणि पुढच्याच मिनिटाला काढून घेतली होती.

"मी खोटं कधी बोललो नाही," शरदचंद्र स्वतःची समजूत घालत. "खरं सांगायचं राहून गेलं, इतकंच."

हाच फोटो त्यांच्या नातीनं, नऊ वर्षांच्या कुहूनं, 'माझे आजोबा' या विषयासाठी शाळेत नेला. तिच्या शिक्षिकेचा नवरा, हेर क्राउझे, नेमका त्या फेराइनचा अध्यक्ष निघाला. झालं! पत्र आलं. कुहूनं वर्गात प्रत्येकाला सांगून टाकलं की माझे आजोबा समुद्रावर विमान उतरवायचे.

तशी घरात आणखीही एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला बजावलं होतं. एप्रिलमध्ये शरदचंद्रांनी जाहीर केलं, "अठ्ठ्याहत्तर! साखर सोडल्याचा परिणाम." त्याच आठवड्यात बाथरूममधला वजनकाटा बंद पडला. "जर्मन वस्तूंत पूर्वीचा राम राहिला नाही," ते हळहळले. बॅटरी त्यांनीच काढून ठेवली होती.

गंमत अशी की वजनाच्या बाबतीत अख्खं मंडळ त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी. भारतात जायचं म्हटलं की लोक बॅगा घेऊन त्यांच्याकडे येत. ते एका हातानं बॅग उचलून म्हणत, "तेवीस किलो चारशे. ती चीजची वडी काढ." विमानतळावरचा काटाही तेच सांगे. माणसाकडे तर त्यांना नुसतं बघितलं तरी पुरे. पण या हुन्नराला कुणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या कप्तानाला!

जूनमधल्या एका रविवारी तळ्याकाठी फेराइनचा मेळावा भरला. मांडव, शंभर खुर्च्या, कॉफी आणि बारा प्रकारचे केक. हेर क्राउझेंनी कप्तानाची कोरी टोपी शरदचंद्रांच्या डोक्यावर चढवली. पुढच्या रांगेत संध्याताई आणि शिक्षिकेशेजारी कुहू. तिचे डोळे असे चमकत होते की शरदचंद्रांना क्षणभर लाज वाटली. पण टाळ्या सुरू झाल्या आणि लाज मागे पडली.

भाषण काय रंगलं! वादळं, देवमासे, विमानात सुटलेली कोंबडी! "आणि आमच्या कंपनीचा एक कडक नियम होता," शरदचंद्र गरजले. "वजन जास्त झालं, तर काट्यावर शेवटी चढलेला माणूस खाली उतरणार. एकदा एका मंत्र्यांना उतरवलं! धक्क्यावर काट्यापेक्षा कुणी मोठा नाही!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मागून कुणीतरी ओरडलं. नियम म्हटला की जर्मन माणसाला भरून येतं.

मग प्रश्न आले. हेर क्राउझे जाडजूड फाइल उघडून उभे राहिले. "कप्तान, लाटा उंच असताना उतरण्याचा वेग किती ठेवायचात?"

शरदचंद्रांनी दूर क्षितिजाकडे पाहिलं. "दास कॉम्ट द्राउफ आन," ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे, परिस्थितीवर अवलंबून असतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी लिहून घेतलं! पुढच्या दोन प्रश्नांनाही हेच उत्तर चाललं. 'जिंकलो!' शरदचंद्रांनी मनात म्हटलं. तेवढ्यात डोक्यावरून घरघर आली.

पिवळंधमक सीप्लेन तळ्यावर उतरलं आणि फेस उडवत धक्क्याला लागलं.

"आल्झो, तर हे तुमच्यासाठी खास!" हेर क्राउझेंनी विमानाकडे हात केला. "आजच्या दिवसाची गेनेमिगुंग, सरकारी परवानगी, मिळवायला मला चौदा महिने लागले. पाहुण्याची जागा रिकामीच होती, तुम्ही सापडलात! तुम्ही पुढे, वैमानिकाशेजारी. उतरताना सुकाणू तुमच्या हातात!"

शरदचंद्रांनी टोपी सावरली. "माझं लायसन्स संपलंय हो!"

"वैमानिकबाईंचं आहे. त्या शेजारी असतील."

"चष्मा... वाचायचा चष्मा घरी राहिला."

संध्याताईंनी पर्स उघडली. "हा घ्या, अहो."

शरदचंद्रांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाचीही बायको विरघळली असती. संध्याताईंनी शांतपणे पर्स बंद केली.

कुहू तर केव्हाच धक्क्यावर पोचली होती. तिला, आजीला आणि हेर क्राउझेंनाही विमानात जागा होती. वैमानिक फ्राउ यान्सन कागद घेऊन आल्या. "चौघांचं मिळून दोनशे सत्तर किलो, त्यावर एक ग्रॅमही नाही. वजनं सांगा."

"अठ्ठ्याऐंशी," हेर क्राउझे म्हणाले.

"सत्त्याण्णव!" शरदचंद्र म्हणाले.

हेर क्राउझे कानापर्यंत लाल झाले. शरदचंद्रांनाही कळेना आपण का बोललो. ते आपोआप झालं होतं! पायाखाली लाकडी फळ्या, समोर पाणी, आणि कुणीतरी खोटा आकडा सांगतंय. चाळीस वर्षांची झोप मोडून आतला वजनवाला खडबडून उठला होता.

बोटींच्या शेडमधून मोठा काटा आणला गेला. हेर क्राउझे चढले. सत्त्याण्णव!

"मी अठ्ठावन्न," संध्याताई म्हणाल्या.

"एकसष्ट," शरदचंद्र पुटपुटले. काटाही एकसष्टच म्हणाला. संध्याताईंनी दिलेला कटाक्ष कुठल्याच काट्यावर मावला नसता.

"कुहू एकतीस." एकतीस!

"कप्तान, हे तुम्हाला कसं जमतं?" फ्राउ यान्सननी विचारलं.

शरदचंद्र कुहूकडे बघत राहिले. आणखी पाच मिनिटांत ती पोर या विमानात बसणार होती आणि आपण सुकाणू धरणार होतो. ज्या हातांनी कधी स्कूटरसुद्धा नीट वळवली नाही, त्या हातांनी! त्यांनी टोपी काढली.

"कारण मी कप्तान नव्हतो," ते म्हणाले. "मी वजन करायचो. दोन वर्षं. विमान कधीच उडवलं नाही. खरं सांगायचं तर... त्यात कधी बसलोसुद्धा नाही. रोज वाटायचं, संध्याकाळच्या फेरीत एखादी जागा उरेल. उरायचीही. पण बेरीज जास्त व्हायची, आणि काट्यावर शेवटी चढलेला मीच असायचो."

संध्याताईंनी मान खाली घातली. ही शेवटची गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती.

"मंत्र्यांना कुणी उतरवलं?" कुहूनं जर्मनमध्ये विचारलं.

"मी."

"आणि कप्तानाला उडायचं असेल तर कुणाला विचारावं लागायचं?"

"मला."

कुहूनं क्षणभर विचार केला. "डान वार्स्ट डू या देअर शेफ!" म्हणजे साहेब तर तुम्हीच होतात!

हेर क्राउझे फाइल चाळत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा उजळला होता. "वैमानिकांच्या आठवणी आमच्याकडे अकरा आहेत. काट्यावरचा माणूस एकही नाही! हेर रेगे, तुम्ही आमचे पहिलेच!"

टाळ्या! आणि या खेपेला त्या खऱ्याखुऱ्या शरदचंद्रांना होत्या. ते हरखले. आता सुकाणू नको, मागच्या कोपऱ्यातली जागा पुरे. चाळीस वर्षांनी का होईना, बसायला मिळणार!

"आणि तुमचं वजन?" फ्राउ यान्सननी विचारलं. "झाले एकशे एकोणनव्वद. तुम्हाला एक्क्याऐंशी किलो शिल्लक."

"अठ्ठ्याहत्तर आहेत ते," संध्याताई विमानातून मोठ्यानं म्हणाल्या. त्या पट्टा लावून बसल्या होत्या. "साखर सोडलीय त्यांनी जानेवारीपासून!"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवण्याचा त्यांना चांगला सराव होता! पण खिडकीत कुहू होती.

"शहाऐंशी," शरदचंद्र म्हणाले आणि काट्यावर चढून दाखवलं.

पाच किलो जास्त.

"मी उतरलो असतो," हेर क्राउझे तळमळून म्हणाले, "पण गेनेमिगुंग माझ्या नावावर आहे. मी आत नसलो तर विमान हलवताच येत नाही."

शरदचंद्रांनी आशेनं संध्याताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका. लग्न झाल्यापासून हे विमान ऐकते आहे. आज बसणार! आणि नियम काय तो? काट्यावर शेवटी कोण चढलं?"

"खरंय," हेर क्राउझे हळूच म्हणाले. "नियम हो."

शरदचंद्रांनी कोरी टोपी कुहूच्या डोक्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि फ्राउ यान्सनकडे बघून मान हलवली. पंखा फिरला. विमान पाणी कापत गेलं, सुटलं, वर चढलं. चाळीस वर्षांपूर्वी बघत तसंच ते बघत राहिले, कपाळावर हात धरून, दिसेनासं होईपर्यंत. मग केकच्या टेबलाकडे वळले. आता लपवायचं काय राहिलं होतं!

वीस मिनिटांनी संध्याताई केस सावरत धक्क्यावर उतरल्या. शरदचंद्रांच्या मिशीला क्रीम लागलेलं होतं.

"कसं होतं गं?"

"स्वर्ग! ढग खाली दिसतात हो!" त्यांनी रुमालानं त्यांच्या मिशीवरचं क्रीम पुसलं. "पुढच्या वर्षी तुम्ही बसायचं. क्राउझेंशी बोलले मी. पण ऐंशीच्या आत यायचं. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं."

"काटा बिघडलाय ना," शरदचंद्र घाईघाईनं म्हणाले. "आणि आज रविवार. दुकानंही बंद."

संध्याताईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक छोटी गोल बॅटरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"पाडव्याचा झब्बा धुवायला टाकलात, तेव्हा खिशात सापडली होती. तेव्हापासून सांभाळली आहे."

सवयीनं शरदचंद्रांनी हात किंचित वरखाली करून अंदाज घेतला. तीन ग्रॅम! पण हाताला चांगलीच जड लागत होती.