चौथा आला तो जिंकला

आप्पासाहेब गुरुजींनी छगनच्या सलूनमधल्या फरशीवर पुन्हा एकदा छत्री आपटली, तरी छगनचा वस्तरा हवेतच राहिला. खुर्चीत गुरुजींचा मुलगा कानिफनाथ तोंडभर फेस लावून बसला होता आणि तो फेस वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या.

"छगन, पारनेरचे पाहुणे यायचेत रे," गुरुजी म्हणाले. "पोराची दाढी कर आधी, मग काय ती चर्चा कर."

"करतो की, गुरुजी. पन ह्यो मानूस काय बोलतोय ते ऐका तरी!"

'ह्यो मानूस' म्हणजे सूर्यभान. लष्करात ट्रक चालवून तो राहात्याला परत आला, तेव्हा सोबत एक मोठा रेडिओ आणि परदेशातल्या मोटारींच्या शर्यतींचं वेड घेऊन आला. रात्री तो विलायतेचं स्टेशन लावी आणि सकाळी छगनच्या दुकानात येऊन सगळं सांगे. दोन उन्हाळ्यांत त्यानं निम्म्या स्टँडला हे वेड लावलं. शर्यतीची मोटार गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तरी निम्मे लोक काळ्या गाडीवाल्या फिट्टीपाल्डीचे होते आणि निम्मे निळ्या गाडीवाल्या स्टुअर्टचे. सूर्यभान फिट्टीपाल्डीचा, कारण तो आपल्यासारखाच उन्हातल्या मुलखातला. छगन स्टुअर्टचा, कारण त्यानं पेपरातला स्टुअर्टचा फोटो कापून आरशाशेजारी चिकटवला होता आणि असे कल्ले राखणारा माणूस हरूच शकत नाही, असं त्याचं धंद्यातलं मत होतं.

कालच इटलीत शर्यत झाली होती. फिट्टीपाल्डी दुसरा आला, स्टुअर्ट चौथा. आणि रेडिओवरच्या साहेबानं सांगितलं, की यंदाचा जगज्जेता स्टुअर्ट!

"चौथा आलेला पयला कसा हुईल?" सूर्यभान बाकावरून उठून उभा राहिला. "दुसरा म्होरं का चौथा म्होरं? ह्ये तर पहिलीतलं पोरगं बी सांगंल!"

"आरं, पन साहेबानंच सांगितलं न्हवं?" छगन म्हणाला.

"साहेब तुज्या बाजूचा हाय."

गुरुजींना घाई होती. पण समोर कुणी चुकीचं बोललं आणि आपण गप्प बसलो, असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. शाळेतून निवृत्त होऊनही ते गल्लीतली पोरं ओट्यावर गोळा करून शिकवत बसत.

"हे बघ, सूर्यभान," ते शांतपणे म्हणाले. "वर्षभर चाचण्या होतात. प्रत्येक चाचणीचे गुण मिळतात. समज, एखादा मुलगा एका चाचणीत चौथा आला. पण आधीच्या चाचण्यांत त्यानं भरपूर गुण मिळवलेत. मग वर्षअखेर पहिला कोण?"

"ज्यानं शेवटचा पेपर चांगला लिव्हला त्यो."

"नाही रे. बेरीज करायची!"

"बेरजेचं ऱ्हाऊ द्या, गुरुजी. फिट्टीपाल्डीच्या भावकीनं घात केला. त्याच्याच मालकाची दुसरी काळी गाडी म्होरं हुती. पीटरसनची. त्यानं जरा अंग चोरलं असतं तर आमचा गडी पयला आला असता. एका मालकाचं मीठ खात्यात आन् बांधावरून वाट देत न्हाईत!"

"आप्पा," फेसाच्या आतून कानिफनाथ म्हणाला, "उशीर होतोय."

उशीर होणं परवडणारं नव्हतं. गेल्या वर्षीच्या दुष्काळात लग्नाचं नाव कुणी काढलं नव्हतं. यंदा पाऊस झाला, पारनेरच्या पुंजारामची मुलगी सांगून आली आणि गुरुजी तिला पाहायला गेले. लोक मुलीला नाव विचारतात, स्वयंपाक विचारतात. गुरुजींनी हौदाचं गणित घातलं. दोन नळांनी भरणारा, एका नळानं गळणारा. मुलीनं ते बरोबर सोडवलं, म्हणून खूश होऊन त्यांनी आणखी अवघड घातलं आणि मग ते सगळ्या घराला समजावून सांगितलं. पोहे गार झाले. मुलीची आई भीमाबाई तेव्हाच म्हणाली, "पोरगा चांगला हाय, पन ह्या सासऱ्याच्या घरात मी पोरगी देनार न्हाई." पुंजारामनं कसंबसं वळवून तिला आज घर पाहायला आणायचं कबूल केलं होतं. पितृपक्ष तोंडावर आला होता. आज जमलं तर जमलं.

"छगन!" गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वस्तरा चालव!"

"चालवतो. ह्या सूर्यभानाला दावतो बी." छगननं वस्तरा कानिफनाथच्या कानाशी टेकवला. "ह्यो कान म्हंजी सुरुवात. हितनं निघाला स्टुअर्ट." वस्तरा सर्रकन गालावरून उतरला. "जबड्यापाशी चाक पंक्चर! थांबला. समदे म्होरं गेले. चाक बदललं, निघाला सगळ्यांच्या मागनं. आता बघ, सूर्यभान. ह्याला टाकला. त्याला टाकला. हनुवटीचं वळण घेतलं. चढ लागला. आन् हितनं आत शिरून…"

"छगन, मिशी!"

छगनचा हात थांबला, पण थोडा पुढे जाऊन थांबला.

आरशात उजवी मिशी होती तशीच होती. डावीकडे स्टुअर्ट जाऊन आला होता.

सूर्यभान म्हणाला, "फिट्टीपाल्डी आसता तर वळणावर बिरेक लावला आसता."

अर्धी मिशी ठेवता येत नाही. छगननं उरलेली अर्धी काढली, कापलं होतं तिथं तुरटी चोळली आणि मटकन बाकावर बसला. कारण वडील जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. मिशी उतरते ती बाप गेल्यावर. कानिफनाथनं टोपी घातली, तेव्हा तर डोक्यावरचे केसही झाकले गेले आणि तो थेट स्मशानातून आल्यासारखा दिसायला लागला.

"पण मी जिवंत आहे!" गुरुजी ओरडले.

"ते आमाला दिसतंय, गुरुजी. पाहुन्यांना कुठं दिसतंय?"

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "बरोबर. म्हणजे पाहुण्यांना आधी मी दिसलो पाहिजे आणि मग मुलगा. मी घरून कोट-फेटा घालून येतो आणि स्टँडवर उभा राहतो. तोवर कानिफ, तू या दुकानाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि तुम्ही दोघे, शर्यतीचं नाव काढायचं नाही!"

योजना चांगली होती. पण पुंजाराम आणि भीमाबाईंनी एसटीची वाट पाहिली नाही. ओळखीचा कांद्याचा ट्रक राहात्याला निघाला होता, त्यात ते बसले आणि नेमके छगनच्या दुकानासमोर उतरले.

पुंजारामनं दारातूनच होणाऱ्या जावयाचं तोंड पाहिलं. तुरटीनं कानिफनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आरारारा!" पुंजारामनं आत येऊन त्याला मिठीच मारली. "गुरुजी गेले?"

कानिफनाथ लाजाळू होता. होणाऱ्या सासऱ्याच्या मिठीत बोलायचं कसं, हे त्याला सुचेना. "न्हाई, म्हंजी आप्पा…" एवढं तो म्हणाला आणि पुंजारामनं त्याचं डोकं आपल्या खांद्यात दाबलं. "रडू नगंस, लेकरा. मी हाय तुला."

भीमाबाईनं सूर्यभानला विचारलं. सूर्यभाननं छगनकडे पाहिलं. छगननं खाली पाहिलं. बाप जिवंत असलेल्या पोराची मिशी मी काढली, असं पाहुण्यांसमोर म्हटलं असतं तर उद्यापासून त्याच्या खुर्चीत कुणी बसलं नसतं. तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यानं उरलीसुरली शंका मिटली.

सगळे घराकडे निघाले. वाटेत कानिफनाथनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पुंजारामनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घरात गुरुजी आतल्या खोलीत ट्रंकेत डोकं घालून कोट शोधत होते. शोधता शोधता त्यांनी बायकोला, राहीबाईला, मिशीपासून स्टुअर्टपर्यंत सगळं सांगितलं होतं. तेवढ्यात ओसरीवर हंबरडा ऐकू आला. राहीबाई बाहेर आल्या, तर भीमाबाईनं त्यांच्या गळ्यातच हात घातले.

"ताई, कसं हो झालं ह्ये! आन् खोटं कशाला बोलू, माजा नकार हुता तो त्येंच्यापायीच. पोरीला रोज गनितं घालतील, समजावून सांगत बसतील, पोरगी भाकरी कवा थापंल, असं वाटायचं. आता माजी ना न्हाई. पोरगी तुमच्या पदरात टाकली."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआड काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. त्यांनी दुसरा हात सावकाश मागे नेला आणि आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली.

आतून दार हललं. राहीबाई मोठ्यानं खोकल्या आणि दाराच्या फटीत पुटपुटल्या, "सुपारी फुटंस्तवर दम धरा."

पण सुपारी फुटेना. पुंजारामनं पिशवीतून काढलेली सुपारी परत पिशवीत ठेवली. "सुतकात सुपारी कशी फोडायची? आता वरसानंच बघू."

"वरीस?" भीमाबाईचं रडं तिथंच थांबलं. "दुष्काळात एक गेलं, आता ह्ये दुसरं?"

"मग काय करू? रीत हाय."

नवरा जिवंत म्हणून सांगावं, तर भीमाबाई उठून जाणार. मेला म्हणून गप्प बसावं, तर सुतक. राहीबाईंनी दाराकडे पाहिलं. आयुष्यभर या माणसानं घराला हैराण केलं होतं, पण असं दोन्हीकडून कधी केलं नव्हतं.

ओसरीच्या कोपऱ्यात छगन आणि सूर्यभान हळू आवाजात भांडत होते.

"तुज्यामुळं झालं ह्ये," सूर्यभान म्हणाला.

"माज्यामुळं? तूच म्हनालास चौथा पयला कसा!"

"म्हनलो, आन् आजून म्हनतो. आजून दोन शर्यती हायेत. साहेबानं आकडे सांगितलेत, आमच्याचे अट्टेचाळीस झालेत. पयल्याला नऊ गुण. दोन्ही जिंकल्या की नवाचे दोनदा, अठरा. मग बघ वर जातो का न्हाई!"

छगननं बोटं मोजली. पुन्हा मोजली. त्याचा चेहरा पडला. "अट्टेचाळीस आन् अठरा… बहात्तर. आन् स्टुअर्टचे एकोनसत्तर. म्हंजी जातोय की रं वर!"

"चूक!"

आवाज बंद दाराआडून आला.

"साफ चूक! अठ्ठेचाळीस आणि अठरा सहासष्ट! सहासष्ट! गाढवांनो, मघापासून ऐकतोय मी! दोन्ही जिंकला तरी तो तीन गुणांनी खालीच! उघडा दार!"

पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि तो भिंतीला टेकला. भीमाबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात कुणी मिठी मारायला मोकळं नाही, हे पाहून कानिफनाथ एका दमात बोलून गेला, "आप्पा आत हायेत आन् धडधाकट हायेत आन् माजी मिशी छगननं चुकून काढली."

छगननं सूर्यभानच्या पाठीमागे तोंड लपवलं. राहीबाईंनी मुकाट्यानं कडी काढली.

गुरुजी कोट-फेट्यात बाहेर आले. रागानं त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "नमस्कार. या, बसा," ते पाहुण्यांना म्हणाले आणि तसेच पुढे जाऊन छगनसमोर उभे राहिले. "बोटं काढ. आठ आणि आठ किती?"

भीमाबाई त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती उठून दारापाशी गेली. लोखंडी कडी तिनं हातात घेतली, वर-खाली करून पाहिली.

"ताई, ही कडी तुमी लावली?"

"व्हय," राहीबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. आता सगळं संपलंच होतं.

"ते आत असताना?"

"व्हय."

"मग ते रागावत न्हाईत?"

"रागावत्यात की. पन कडी भाईरनं हाय."

भीमाबाईनं डोळे पुसले, येऊन पाटावर नीट मांडी घालून बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, बघत काय बसलाय? आता सुतक न्हाई न् काय न्हाई. काढा ती सुपारी."

पुंजारामनं सुपारी पाट्यावर ठेवली आणि वरवंटा उचलला.

"थांबा," गुरुजी वळून म्हणाले, "सुपारी का फोडतात, हे आधी मुलाला नीट समजावून…"

राहीबाईंनी नुसतं दाराकडे पाहिलं. मग भीमाबाईनंही पाहिलं.

गुरुजी खाली बसले. सुपारी एका घावात फुटली.