सुधाकरभाऊंचा गावरान टोन

आमच्या शेजारच्या सुधाकरभाऊंकडे तुम्ही कधी गेलात, तर चहा येण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. भाऊ कोपऱ्यातली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतात, दोन तारा छेडतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "सांगा बरं, हा आवाज कोनत्या सालातला वाटून राह्यला?"

आता यावर माणसाने काय बोलावं? गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस म्हणाला, "यंदाचाच असंन नं भाऊ." त्याला भाऊंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मुलासाठी स्थळ घेऊन देऊळघाटचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी "मले तं कानानं कमीच ऐकू येते" असं सांगून सुटका करून घेतली. ते स्थळ काही जमलं नाही. भाऊ म्हणतात पत्रिका जुळली नाही. आम्ही गल्लीतले लोक काय समजायचं ते समजतो. मी पहिल्या खेपेला "सत्त्याऐंशी" असं ठोकून दिलं होतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, सनावळ्या जिभेवरच असतात. भाऊंनी डोळे उघडून माझ्याकडे आदराने पाहिलं. "मॅडम, जवळ आल्या तुमी. पन अजून थोडं मांगं जा."

खामगावात भाऊंचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आता ते मुलगा पाहतो, आणि बापाला गल्ल्यावर फार वेळ बसू देत नाही. कारण गिऱ्हाईक सोयाबीनचं बियाणं मागायला आलं की भाऊ बोलता बोलता पिकअपवर घसरतात. पिकअप म्हणजे मालवाहू गाडी नव्हे. गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात, एवढं ज्ञान मला भाऊंमुळे झालं.

"हे पाहा मॅडम," ते मला समजावतात, "ह्या डब्बीत लोहचुंबक असते. त्याच्याभवती केसावानी बारीक तांब्याची तार गुंडाळेल असते. वरची तार हालली का हे डब्बी ते हालनं पकडते अन् स्पीकरात धाडते. बाकी लाकूडफिकूड सारं वावर हाय. पिकअप म्हंजे बियानं. वावर कितीबी चांगलं असू द्या, हायब्रीड पेरलं तं गावरान चव कुठून येईन?"

हायब्रीड ही भाऊंची सर्वांत मोठी शिवी. वरातीतला डीजे हायब्रीड, मोबाईलची रिंगटोन हायब्रीड, टीव्हीवर गाणाऱ्या पोरी सरसकट हायब्रीड. एकदा माझ्या नव्या मिक्सरचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी त्यालाही हायब्रीड ठरवलं. त्यांना हवा असतो तो गावरान टोन. जुना, गोड, थोडा धुरकट.

तरुणपणी भाऊ ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीत, नवरात्रात त्यांचे कार्यक्रम खामगाव, मेहकर आणि आसपासच्या गावांत होत. त्या वेळी याच गिटारीला तिचे मूळचे पिकअप होते. त्यांच्यातून हवा तो टोन यायचा, पण जोडीला घरघरही यायची. एका वर्षी भाऊंनी ते काढून टाकले, नवे दणदणीत पिकअप बसवले, आणि जुने दुकानातल्या मोडक्या फवारणी पंपांबरोबर भंगारात देऊन टाकले. मग ऑर्केस्ट्राही सुटला, दुकान गळ्यात पडलं. खूप वर्षांनी भाऊंनी गिटारवरची धूळ झटकली आणि वाजवून पाहिली, तेव्हा त्यांना कळलं की आपण काय घालवलं. "माह्या हातानं देल्लं मॅडम, माह्या हातानं," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होतो की हसणारा माणूस गप्प बसतो.

तेव्हापासून ते जुना टोन परत आणण्याच्या मागे आहेत. त्यांच्यापाशी पुरावा म्हणून एकच कॅसेट. मेहकरच्या एका कार्यक्रमात कोणीतरी भरून घेतलेली. ती ते हेडफोन लावून एकटेच ऐकतात. दुसऱ्या कोणाला ऐकवत नाहीत; फीत झिजेल म्हणतात. ऐकून झालं की गिटार छेडायची, मान नकारार्थी हलवायची आणि पिकअपचे स्क्रू पिळायला पेचकस काढायचा. आमची भिंत सामाईक असल्यामुळे पेचकस पडल्याचासुद्धा आवाज मला ओळखू येतो.

या नादात त्यांनी काय काय केलं ते सांगायला बसले तर दुपार जाईल. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की आपण खामगावचे, चांदीच्या गावचे, मग तांबं कशाला? सराफा ओळीतल्या एका कारागिराकडून त्यांनी शुद्ध चांदीची केसासारखी तार ओढून घेतली. बसून बसून ती लोहचुंबकाभोवती गुंडाळली. चांदीचा आवाज ऐकायला आम्हाला बोलावलं. पेढे होते. भाऊंनी तार छेडली आणि स्पीकरातून हूं की चूं नाही. तांब्याच्या तारेवर पातळ वार्निश असतं, म्हणून वेढ्याला वेढा चिकटला तरी चालतं; चांदीची तार उघडी, तिचा सगळा मिळून एक गोळाच झाला होता. "शुद्ध हाय, पन मुकी हाय," भाऊ म्हणाले. पेढे आम्ही गुपचूप खाल्ले. त्या चांदीची सुमनवहिनींनी पुढे जोडवी करून घेतली.

मग जुन्या धाटणीचे पिकअप कुठून तरी मागवले, तेव्हा घरघरही परत आली. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. तिची मोटार सुरू झाली की भाऊंची गिटार हुंकार देऊ लागायची. भाऊ चक्कीवाल्याला सांगायला गेले की संध्याकाळी तासभर चक्की बंद ठेव. त्याच्याकडे बायका ज्वारीचे डबे घेऊन रांगेत. तो म्हणाला, "भाऊ, लोकायच्या भाकरी थांबवू का तुमच्या गान्यासाठी?" मग भाऊ वीज जाण्याची वाट पाहू लागले. वीज गेली, चक्की थांबली, घरघर गेली. पण विजेवाचून गिटार तरी कुठे वाजते! अंधारात बसून भाऊ स्वतःलाच "येडा बे तू" म्हणाले, ते मी ऐकलं.

या सगळ्यात सुमनवहिनी कुठे असतात? स्वयंपाकघरात. भाऊंनी गिटार उचलली की वहिनी आत जातात. शांत बाई. कधी तक्रार नाही, कधी कौतुक नाही. एकदा मी विचारलं, "वहिनी, कंटाळा नाही का येत याचा?" तर म्हणाल्या, "त्यायचं मन रमते नं, झालं तं." गल्लीतल्या भजनी मंडळातही त्या मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवतात. मला वाटायचं, एवढ्या संगीतवेड्या माणसाच्या पदरी देवाने बाई मात्र कोरडी बांधली.

गेल्या हिवाळ्यात शिलाँगकडच्या एका कारागिराने हाताने गुंडाळलेले पिकअप भाऊंकडे आले. त्याच सुमारास टेपरेकॉर्डरने कॅसेट चावायला सुरुवात केली, म्हणून मुलाने ती मोबाईलवर उतरवून दिली होती. आता फीत झिजायचं भय उरलं नाही. भाऊंनी मला परीक्षक म्हणून बोलावलं. संध्याकाळची वेळ. वहिनी आत तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

भाऊंनी पहिल्यांदाच ते ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावलं. सुरुवातीला गिटारचा एक छोटा तुकडा होता. तो संपताच त्यांनी मोबाईल थांबवला आणि तोच तुकडा गिटारवर वाजवला. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण खरं सांगते, दोन्हींत तिळमात्र फरक नव्हता.

"भाऊ, हाच तो! जिंकलात!"

भाऊंनी मान डोलावली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. मी आपली उत्साहात मोबाईल उचलला आणि पुढचं सुरू केलं. तुकड्यानंतर एका मुलीचा आवाज सुरू झाला. कोवळा, मोकळा, कुठेही न अडखळता वर जाणारा. मी ऐकतच राहिले.

"ही कोण हो?"

भाऊंनी हात पुढे करून मोबाईल बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "सुमन," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. दोघं एकाच ऑर्केस्ट्रात होते, तिथेच जमलं. लग्न झालं आणि भाऊंचे वडील, आबा, म्हणाले, सूनबाई आता स्टेजवर जाणार नाही. "मी काय म्हनलो, मॅडम? मी म्हनलो, हाव. थे दाराआड उभी होती." वहिनींच्या जागी दणदणीत गळ्याचा एक गायक आला. त्याच्यासमोर गिटारचा गोड आवाज दबायला लागला, म्हणून भाऊंनी पिकअप बदलले. वहिनींनी त्यानंतर घरातसुद्धा गाणं म्हटलं नाही.

"मग इतकी वर्षं हे जे चाललंय..."

"मले वाटलं, तोच टोन आनला अन् तोच तुकडा वाजवला, तं तिच्या तोंडून आपोआपच निंघन. इचारा लागनार नाई."

मला संताप आला. काय म्हणावं या माणसाला! कारागिराला विचारलं, सराफाला विचारलं, चक्कीवाल्याला विचारलं, आणि जिला विचारायचं ती रोज दहा पावलांवर भाकरी थापत होती.

"भाऊ, एकदा नुसतं विचारायचं होतं हो!"

"कोनत्या तोंडानं इचारू?"

असं म्हणून त्यांनी पुन्हा तो तुकडा वाजवला आणि जिथे गाणं सुरू व्हायचं तिथे थांबले. आतला शेंगांचा आवाज बंद झाला होता. त्यांनी पुन्हा वाजवला, पुन्हा थांबले. मग वहिनी दारात आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "अवो, शेवटी उतरता तथी घाई करता तुमी. तवाबी करत होते."

भाऊंचे हात तारांवरच राहिले. "सुमन," ते म्हणाले, "म्हनशीन का व?"

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता इचारता? आबा गेले तवा मले वाटलं, आता इचारसान. लय वाट पाह्यली. मंग वाटलं, तुमालेच आवडत नसंन."

भाऊंनी पलंगावरचा पेचकस उचलून बाजूला ठेवला. वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. भाऊंनी तुकडा वाजवला, वहिनींनी तोंड उघडलं, आणि दुसऱ्याच शब्दावर आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"नाई जात आता थ्या पट्टीत," म्हणून त्या उठू लागल्या.

"बस, बस जराशी." भाऊंनी गिटारच्या खुंट्यांना हात घातला. तो तुकडा मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारांवरच बसतो, त्यामुळे पट्टी उतरवायची तर सगळ्या तारा ढिल्या कराव्या लागतात. आणि तार ढिली झाली की टोन मेला, हे भाऊंनीच मला हजारदा ऐकवलेलं. त्यांनी एकेक करून सहाही खुंट्या उलट्या पिळल्या. वाजवून पाहिलं. वहिनींना तेही वर पडलं. त्यांनी आणखी पिळल्या. तारा आता लाकडावर फडफडायला लागल्या. इतक्या वर्षांची खटपट माझ्यासमोर मातीत गेली आणि भाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वहिनींच्या गळ्याकडे पाहत होते.

तिसऱ्या खेपेला वहिनींचा आवाज लागला. जाडसर, थकलेला. दोन ओळी त्यांनी सावकाश म्हटल्या. त्यांना धाप लागली. पुढचे शब्द आठवले नाहीत. "पुरे," म्हणाल्या, "शेंगा राह्यल्या," आणि आत गेल्या.

मी निघताना दारात म्हटलं, "भाऊ, टोन गेला की सगळा."

"जाऊ द्या मॅडम. उद्या अजून अर्धा सूर खाली घेऊन पाहातो. दम नाई लागनार तिले."

त्यानंतर त्यांनी त्या तारा पुन्हा कधी चढवल्या नाहीत. एखाद्या संध्याकाळी भिंतीपलीकडून पहिलं कडवं ऐकू येतं. दुसरं कडवं फार वर जातं, ते वहिनींच्याने होत नाही. तिथे भाऊ एकटेच वाजवत राहतात आणि मध्येच थांबतात. ते थांबले की मला फार वाईट वाटतं.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना वहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, मी चांगली गात होती हो. तुमी ऐकलं नाई."

"ऐकलं ना, त्या दिवशी मोबाईलवर."

"हाव," भाऊंचा सदरा झटकून दोरीवर टाकत त्या म्हणाल्या, "तेवढंच राह्यलं."