चांदीची दुसरी हनुवटी

“सूज नाई ते, चरबी हाय,” मी पुन्हा सांगितलं.

“चरबी सांजच्याले येते आन् सकाळी जाते का, आई?” साधना म्हणाली.

साधना माझी सून. माझा कुंदन नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे, इकडे घरी बार्शीटाकळीला सुट्टीपुरता येतो. त्यामुळे घरात भांडायला आम्ही दोघीच. भांडण आमच्या गाभण बकरीवरून, चांदीवरून चाललं होतं. तिच्या जबड्याखाली मऊ थैलीसारखं काहीतरी लोंबायला लागलं होतं. मी अख्ख्या गल्लीत सांगून आले होते की खाल्लेलं अंगी लागलं, बड्या घरच्या बायांना असते तशी दुसरी हनुवटी आली. (शेजारच्या मैनाच्या बकरीला पहिलीही धड नाही.)

अंगी लागणारच. उजाडायच्या आत मी तिला नाल्याकाठी नेते. तिथलं दवात भिजलेलं कोवळं गवत म्हणजे तूपभात. शाळेची पायरी मी चढले नाही, किराण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकले. पण एक गोष्ट कुठल्या पुडीवर न वाचताही पक्की ठाऊक आहे. सूर्याच्या आधी उठेल त्याचंच घर चालतं. साधना सूर्य चांगला वर आल्यावर उठते. हे मी तिला रोज ऐकवते. (ऐकायला ती आधी उठावी लागते.)

“बरं, चरबी तं चरबी,” साधना म्हणाली. “मंग कालपासून उठून काहून नाई राहिली ते? पोटात पिलं हायेत तिच्या. म्या डॉक्टरले फोन केला.”

“मले न इचारता?”

“इचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं.”

हे खरं असल्यामुळे मी गोठा झाडायला घेतला.

डॉक्टर करिश्माबाई स्कूटीवर आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, शिक्षण अकोल्याचं. गळा चाचपून झाला आणि त्यांनी सरळ चांदीची खालची पापणी ओढली.

“दुखणं गयाले आन् तुमी डोया पायता? चस्मा द्याचा हाय का तिले?”

“आजी, आतून रंग कसा दिसतो ते सांगा.”

पांढरा. धुतलेल्या धोतरासारखा.

“लाल पाहिजे. पोटात जंत झालेत, ते रक्त पितात. रक्त पातळ झालं की त्यातलं पाणी झिरपून जबड्याखाली उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरते, म्हणून संध्याकाळी थैली भरते. रात्री ओसरते. आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं तर बकरीही गेली असती आणि पिल्लंही.”

माझा हात चांदीच्या पोटावर गेला. तोंड मात्र गरमच होतं. “जंत असते तं लेंड्याइत दिसले असते. गोठा मीच झाडते.”

“लेंड्यांतून अंडी पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातल्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. बकरी पात्याबरोबर त्यांनाही खाते. दव वाळलं की त्या खाली उतरतात. तुम्ही चारायला कधी नेता?”

साधना माझ्याकडे बघायला लागली. मी चांदीकडे. चांदी (बेइमान) डॉक्टरीणबाईंकडे.

“जाते जराशी लवकर,” मी म्हणाले.

“अंधारात जातात,” साधनानं खुलासा केला. “नाल्यावर. दवातच चारतात.”

डॉक्टरीणबाईंनी गाभण बकरीला चालेल असं औषध पाजलं. आता काही दिवस गोठ्यातच कोरडा चारा, आणि पुढे ऊन चढून गवत वाळल्याशिवाय बाहेर काढायची नाही, असं बजावून त्या गेल्या.

चांदी वाचली. थैली उतरली, पापणीला गुलाबी झाक आली, आणि मैना भिंतीवरून म्हणाली, “काहून वं, हनुवटी कुठी गेली?” तिला मी सोडलं नाही. मग घरात येऊन साधनावर घसरले.

“हे उन्हाचं फॅड मले नको सांगू. ऊन चढेलोक माहं अर्धं काम होऊन जाते. त्या वक्ती बकरी घेऊन कोन जाईन? या घरात तवा रिकामं कोन असते?”

साधनानं आळोखेपिळोखे दिले.

“मी नेईन ना, आई,” ती म्हणाली. “माही उठाची येळ तेच तं हाय.”