टाकीतला पाचवा मासा

"काका, मी आठवडाभर परिषदेला चाललेय. तोवर टाकीतल्या त्या वाळूचं काहीतरी करा," डॉक्टरबाई लॅबच्या दारातूनच म्हणाल्या, आणि कवळीकाका दचकून उठले.

कवळीकाका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या करत. एकोणीस वर्षं तेच स्टूल, तोच दिवा आणि पेशंटला द्यायचं तेच उत्तर: "चार दिवस लागतील. घाई केली की टोचतं." पण महिन्यापूर्वी एक टायवाला माणूस येऊन यंत्रावर एका दिवसात कवळी करून देणाऱ्या कंपनीचं पत्रक देऊन गेला होता. बाईंनी ते फेकलं नव्हतं, ड्रॉवरमध्ये नीट ठेवलं होतं. तेव्हापासून दारात पाऊल वाजलं, की काकांना आपली नोकरी गेल्यासारखी वाटे.

टाकी होती बाहेर, पेशंट बसतात तिथे. खारं पाणी, खडक, खडकांवर डुलणारी प्रवाळं आणि पाच मासे. आत जायच्या भीतीने गाल धरून बसलेले लोक तिच्याकडे बघत जरा निवांत होत. पाणी फिरवणारे दोन पंप मात्र वाळूला सुखाने बसू देत नसत. रोज सकाळी एका कोपऱ्यात नुसती काच, दुसऱ्यात ढिगारा आणि प्रवाळांच्या डोक्यावर वाळूच वाळू.

"फळीवर वाळू चिकटवायची आणि ती फळीच तळाला ठेवायची," बाईंनी सांगितलं. "दिसते वाळूच, पण उडत नाही. जमेल ना?"

"न जमायला काय झालं मॅडम? लोकांच्या तोंडात दहा-दहा वर्षं टिकतं, पाण्यात का नाही टिकणार?" काका बोलून गेले आणि मग घाबरले.

बाईंनी टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. काकांच्या नजरेला नजर न देताच त्या निघून गेल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मासे पाच. मी येईन तेव्हा पाचच हवेत. मासे आईंचे आहेत.' अक्षर फार वाकडंतिकडं होतं, पण डॉक्टरांचंच ते, त्यामुळे काकांना त्याचं काही वाटलं नाही. आई म्हणजे बाईंच्या सासूबाई. दवाखाना त्यांनीच काढलेला. ऐंशी वर्षांच्या मोठ्या बाई दर सोमवारी येऊन टाकीसमोर बसत, आणि त्या असेपर्यंत डॉक्टरबाईसुद्धा हळू आवाजात बोलत.

काकांनी फळ्या केल्या त्या अर्थातच कवळीच्या अॅक्रिलिकच्या. तीन तुकडे, वर वाळू दाबून बसवलेली. वास जाईपर्यंत तीन दिवस त्या पाण्यात बुडवून ठेवल्या. एकच गोष्ट राहिली. लॅबमध्ये अॅक्रिलिक होतं ते गुलाबी. शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद करून त्यांनी मासे खाऱ्या पाण्याच्या बादलीत काढले, खडक उचलले, जुनी वाळू नळीने ओढून चार घमेल्यांत भरली आणि फळ्या तळाला बसवल्या.

"काका, वाळूला हिरड्या आल्यात," रिसेप्शनवरची ताई म्हणाली. पुढच्या काचेशी फळीची गुलाबी कड ठळक दिसत होती.

"कड झाकता येईल. तू मासे मोज."

"चार."

"नीट मोज."

"चारच आहेत. हळद्या नाही."

हळद्या म्हणजे पिवळाधमक, बोटभर लांबीचा मासा. स्वभावाने लाजाळू. कंटाळा आला की वाळूत शिरायचा आणि दिवस दिवस वर यायचा नाही. आठवडाभर तो दिसला नव्हता, पण वाळूत असेल म्हणून कुणी विचारलं नव्हतं. आता वाळूच घमेल्यात होती.

त्यांनी प्लास्टर गाळायच्या चाळणीने चारही घमेली चाळली. मग पंप उघडले, फिल्टर उघडला, सोफे सरकवले. मासे उडी मारतात हे ताईने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून चपलांचं कपाटही रिकामं केलं. हळद्या मिळाला नाही.

"फळीखाली चिरडला असेल का हो?" ताईने विचारलं.

"असं बोलू नकोस." तरीही काकांनी फळ्या पुन्हा उचलल्या. खाली काही नव्हतं. मासा जिवानिशी गेला आणि गेला तो आपल्या हातून, एवढं मात्र त्यांना पक्कं वाटलं. त्यांना खरंच रडू आलं. तो बापडा मासा, ते पत्रक, ते स्टूल, सगळं एकदमच डोळ्यांपुढे आलं.

माशांच्या दुकानदाराला फोन केला. तसला पिवळा मासा यायला तीन आठवडे लागतील, म्हणाला. बाई सोमवारी येणार होत्या. काका स्टुलावर बसून राहिले. समोर मेणाची वडी होती. नसलेल्या वस्तूच्या जागी हुबेहूब वस्तू बसवणं, याशिवाय आयुष्यात त्यांना दुसरं येत तरी काय होतं?

"तुझ्या फोनमध्ये हळद्याचा फोटो आहे का गं?" त्यांनी विचारलं.

हे काम काही चार दिवस थांबणारं नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत मेणाचा मासा कोरून झाला, साचा झाला, पिवळा रंग कालवून मासा ओतून झाला. आतून पोकळ, म्हणजे तरंगणार. शेपूट मऊ, कवळीच्या आत लावतात त्या अस्तराची. पोटाला दोरा बांधून दुसरं टोक खडकाला अडकवलं. पंप सुरू झाला आणि हळद्या डौलात हलू लागला. काळा जाडा मासा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून निघून गेला. संध्याकाळी गाल सुजलेले एक गृहस्थ अर्धा तास त्याच्याकडे टक लावून बसले आणि म्हणाले, "याला बघून फार बरं वाटतं हो."

काकांना मात्र बरं वाटेना. रविवारी जेवताना एकच घास तोंडात घोळत राहिला. बायको म्हणाली, "जगाला दात बसवता आणि स्वतः असे चघळत काय बसलाय?" काकांनी तिलाही काही सांगितलं नाही.

सोमवारी बाई आल्या. टाकीसमोर थांबल्या. त्यांच्या खांद्यावरची बॅग घसरून खाली आली. त्या तडक केबिनमध्ये गेल्या. पंधरा मिनिटं एकाही पेशंटला आत बोलावलं नाही. मग ताई लॅबच्या दारात येऊन कुजबुजली, "काका, तुम्हाला बोलावलंय."

आता नोकरी गेली, असं मनाशी म्हणत काका आत गेले. बाईंनी दार लावायला सांगितलं.

"काका," त्या टेबलावर पुढे झुकल्या, "हळद्या जिवंत आहे?"

काका दाराच्या कडीला धरून उभे राहिले.

"नाही, म्हणजे मला कळेना," बाई म्हणाल्या. "त्याला मी परिषदेला निघायच्या आदल्या दिवशी जिन्यातल्या कुंडीत पुरला होता."

काका न विचारताच समोरच्या खुर्चीत बसले. एकोणीस वर्षांत ते प्रथमच त्या खुर्चीत बसत होते.

"टाकी पुसायला सगळ्यांत आधी त्याला बादलीत काढला," बाई सांगू लागल्या, "आणि पाण्यात मीठ घालायचं विसरले. आईंना कोण सांगणार? मला वाटलं, तुम्ही वाळू काढाल, मासा सापडणार नाही आणि... तुमच्यावर ढकलणार होते मी. चिठ्ठीत पाच लिहिताना हात थरथरत होता माझा. आठवडाभर झोप नाही. आणि आज बघते तर हा पोहतोय."

काकांना आधी राग आला. तीन दिवस त्यांनी स्वतःला मासा मारणारा समजून काढले होते. पण समोरची बाई इतकी घाबरलेली होती, की राग टिकेना.

"मॅडम, ती कवळी आहे," ते म्हणाले.

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, टायवाल्याचं पत्रक काढलं आणि चार तुकडे करून कचऱ्यात टाकलं.

तेवढ्यात बाहेर काठी वाजली. मोठ्या बाई आल्या होत्या. दोघंही धावत बाहेर आली आणि शाळेतल्या मुलांसारखी भिंतीशी उभी राहिली. मोठ्या बाई टाकीसमोर बसल्या, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ हळद्याकडे बघत राहिल्या.

"वाळू गुलाबी झालीय," त्या म्हणाल्या.

"हो आई. नवीन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि हा किती सुधारलाय. आधी माझी चाहूल लागली की वाळूत तोंड खुपसायचा मेला. आज बघ, कसा समोर थांबलाय. इथे मला न घाबरणारा हा पहिलाच." त्यांचे डोळे पाणावले होते.

"पण एकटा वाटतो बिचारा," त्या पुढे म्हणाल्या. "याला जोडीदार आणा."

डॉक्टरबाईंनी हळूच काकांकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी काकुळती होती, की काकांची महिनाभराची धास्ती तिथल्या तिथे विरघळली. कोणत्याही यंत्राकडे कुणी असं बघितलं नसतं.

"आणू की," काका म्हणाले. "पण चार दिवस लागतील."