बाई पाण्यावर उभ्या राहतात

आजवर माझा तोल कधी गेलेला नाही! ही फुशारकी नाही, धंद्याचा अनुभव आहे. मी लोकांच्या घरी पडदे लावतो. अठ्ठावीस वर्षं शिडीवर काढलीत. एका हातात ड्रिल, दातांत स्क्रू आणि बगलेत पाणसळ, म्हणजे दांडी सरळ आहे की तिरकी ते सांगणारी ती बुडबुड्याची पट्टी. खालून घरमालकीण "अजून वर, नाही नाही, खाली" करत असते, तरी मी ढिम्म हलत नाही. त्यामुळे सासूबाईंना तोल सांभाळायला शिकवायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्याकडेच येणार हे उघड होतं. निदान मला तरी उघड होतं.

सासूबाईंना सगळे 'बाई' म्हणतात, मीसुद्धा. त्यांनी शाळेत चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. आधी आम्हाला वाटलं, कुकर लावलाय. मग त्या चालताना डावीकडे कलू लागल्या. तपासण्या झाल्या आणि कानाच्या आतल्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, फक्त जागा अडचणीची आहे."

बाई म्हणाल्या, "आमच्या घरासारखीच!"

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर बाईंनी आधी ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका दुरुस्त केल्या, मगच गाडीत बसल्या. गाठ गेली, पण जाताना डाव्या कानाचं ऐकणं आणि तिकडची तोल सांभाळणारी नस घेऊन गेली. आता उजवा कान, डोळे आणि पाय यांनी मिळून तिचं काम शिकायचं होतं.

ऐकू न येण्याचं बाईंनी मनाला लावून घेतलं नाही. उलट सोय करून घेतली. नको ते बोलणं सुरू झालं की त्या मान जराशी वळवतात आणि डावा कान पुढे करतात. शेजारीण आपल्या गुडघ्यांबद्दल अर्धा अर्धा तास सांगते आणि बाई प्रसन्न चेहऱ्याने बसलेल्या असतात.

तोलाचं मात्र त्यांना फार लागलं होतं. कारण स्कूटर! ती जुनी, हिरवी स्कूटर बाईंनी वीस वर्षं चालवली होती. ऑपरेशन झाल्यावर माझ्या बायकोने तिची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि आईला बजावलं, "डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

असे पाच महिने गेले. मग डॉक्टरांनी त्यांना तळ्यावरच्या बारा आठवड्यांच्या वर्गात घातलं. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळीवर उभं राहायला शिकवतात. फळी हलते, पाय शिकतात, मेंदू हळूहळू समजून घेतो. शेवटच्या शनिवारी कोणाचा हात न धरता फळीवर पूर्ण एक मिनिट उभं राहायचं. जमलं, तर डॉक्टरांनी दिलेल्या परवानगीच्या कागदावर शिकवणारीची सही मिळणार आणि सही मिळाली, तर स्कूटर. नाही जमलं, तर रविवारी माझा भाचा येऊन स्कूटर कायमची घेऊन जाणार. हे बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईंनी ते उजव्या कानाने ऐकलं आणि शांतपणे चष्मा पुसायला घेतला. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

शनिवारी बायकोला कामावर जावं लागतं, म्हणून तळ्यावर बाईंबरोबर मी. घरी सरावही मीच घ्यायचो. पहिल्याच दिवशी मी त्यांना बैठकीच्या खोलीत उभं केलं आणि दोन्ही खांद्यांवर मानेमागून पाणसळ आडवी टेकवली.

"बाई, बुडबुडा डावीकडे पळतोय!"

"पळू दे. त्याला काम असेल."

"तो मधे आला पाहिजे."

"जावईबापू, मी माणूस आहे. पडद्याची दांडी नाही."

वर्ग नऊ जणांचा होता आणि सगळ्यांच्या कानातल्या गाठी निघालेल्या. लाकडी धक्क्यावरून ही मंडळी निघाली की ज्याची गाठ डावीकडची, तो डावीकडे कलायचा आणि ज्याची उजवीकडची, तो उजवीकडे. एक सलूनवाले होते, त्यांची उजवी बाजू. ते आणि बाई खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेलायचे आणि दोघं मिळून सुतासारखे सरळ चालायचे.

"आपल्या दोघांत मिळून एक धड माणूस होतो, बाई," सलूनवाले म्हणायचे.

"आणि दोन कान," बाई म्हणायच्या. "बेरीज बरोबर आहे!"

शिकवणारी फिजिओताई मोठ्या आवाजाची होती. वर्गात शिट्टी नव्हती, कारण निम्म्या लोकांच्या कानात ती आधीच वाजत असायची, खरी कुठली ते कळायचं नाही. म्हणून ताई धक्क्यावरून ओरडायची. सगळ्यांवर ओरडायची, पण बाईंपुढे तिचा आवाज निम्मा व्हायचा. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, सातवी ब. बाई फळीवरून पाण्यात पडल्या, तरी ती दोन्ही हात मागे बांधून म्हणायची, "बाई, छान पडलात!"

अखेर तो शेवटचा शनिवार उजाडला. बाकीच्यांचं आधी झालं. सलूनवाले एक मिनिट उभे राहिले आणि आनंदाने टाळ्या वाजवायला गेले आणि पडले. पण मिनिट भरलं होतं, सही मिळाली. मग बाई.

मी नेहमीप्रमाणे कंबरभर पाण्यात, बाईंच्या फळीला चिकटून, त्यांचं कोपर धरून उभा होतो.

"काका, आता हात सोडा," ताई म्हणाली.

"सोडतो, सोडतो," मी म्हणालो आणि अजून घट्ट धरलं.

"जावईबापू, सोडा."

"पडाल, बाई!"

"पडेन. पडायला येतं मला, बारा आठवडे तेच शिकले." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आठ महिने मी कोणाचा ना कोणाचा दंड धरून चालतेय. कोपऱ्यावर साबण आणायला निघाले तरी मिरवणूक निघते. तुम्ही सगळे मायेने करता, मला कळतं. पण मला एकदा एकटीनं जाऊन साबण आणायचाय हो!"

मी हात सोडला.

इथे थांबलो असतो, तर ही गोष्ट लिहावीच लागली नसती. पण हात सोडला तरी जबाबदारी कशी सोडणार? मला एक भन्नाट कल्पना सुचली.

"ताई, मीही शेजारच्या फळीवर उभा राहतो. माझं बघून बाईंना धीर येईल!"

"काका, तुम्ही कधी उभे राहिलाय का यावर?"

"अठ्ठावीस वर्षं शिडीवर आहे!"

"शिडी जमिनीवर असते, काका."

बाई मधेच म्हणाल्या, "राहू दे गं त्यांना. फक्त माझ्या डावीकडे उभे राहा, जावईबापू."

माझी छाती फुगली. बाई कलतात डावीकडे, म्हणजे पडल्या तर त्यांना सावरायला त्यांनी मलाच निवडलं होतं! उत्साहात मी लाइफ जॅकेट मागितलं. मोठी सगळी संपली होती. लहान मुलांचं एक उरलं होतं, छातीवर पिवळं बदक असलेलं. ते कसंबसं चढवलं, पाणसळ हातात घेतली आणि फळीवर उभा राहिलो. चक्क राहिलो! पाय लटपटत होते, पण ते बदकामुळे कोणाच्या लक्षात येत नसावं.

"सुरू!" ताई ओरडली.

बाईंनी गुडघे किंचित वाकवले, नजर पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर लावली आणि स्तब्ध झाल्या. मी शेजारून सतत मार्गदर्शन करत होतो. "डावा खांदा वर! श्वास घ्या! वाऱ्याकडे लक्ष नको! बुडबुडा मधे आणा!" बाईंच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. माझ्या शिकवण्याचा एवढा परिणाम होईल, असं मलाही वाटलं नव्हतं.

धक्क्यावर सगळे श्वास रोखून उभे. ताईची नजर घड्याळावर. मलाही आता फळीची सवय होत होती. तेवढ्यात ताई जिवाच्या आकांताने ओरडली,

"बस! बस, बस, बस!"

आणि मी बसलो.

खुर्चीत बसतात तसा, पूर्ण विश्वासाने बसलो. फळीने तो विश्वास ठेवला नाही. ती पुढे सटकली, मी मागे गेलो, तोंडचं पाणी पळालं आणि तळ्याचं पाणी तोंडात आलं. बुडताना हाताला जे लागलं ते मी पकडलं. ती होती बाईंच्या फळीची शेपटी!

फळी पाण्यात खचकन दबली. बाई डावीकडे कलल्या. चांगल्याच कलल्या. धक्क्यावरची सगळी मंडळी त्यांना मदत म्हणून उजवीकडे कलली. मी बदकासकट वर आलो आणि खालून बघत राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर टाकीवरच. एक हात हळूच बाहेर गेला, गुडघे अजून थोडे वाकले आणि मग, कोणीही न धरता, बाई सरळ झाल्या.

खरं सांगतो, मला भरून आलं. मी आधीच नखशिखान्त ओला होतो, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

"बाई, मिनिट झालं! केव्हाच झालं!" ताई नाचत होती. "मी 'बस' म्हणत होते!"

"ऐकलं ना," बाई फळीवरूनच म्हणाल्या.

"मग तुम्ही बसला का नाहीत?" मी नाकातलं पाणी काढत विचारलं.

"ती 'बस' म्हणाली, जावईबापू. मला खाली बसायला सांगायचं असतं, तर 'बसा' म्हणाली असती. काय गं?"

"हो बाई!" ताईचे हात आपोआप मागे गेले.

"आणि तुम्हालाही ती 'काका, बसा'च म्हणते. 'बस' म्हणजे पुरे. तुम्ही नेमकी कोणाची आज्ञा पाळलीत?"

यावर सलूनवाले इतके हसले की त्यांना धक्क्यावरच खाली बसावं लागलं. माझी पाणसळ प्लॅस्टिकची, ती शेजारीच पाण्यावर तरंगत होती. बुडबुडा अगदी मधोमध!

ताईने सही केली. मी ऐटीत खिशात हात घातला, किल्ली सन्मानाने बाईंच्या हातावर ठेवावी म्हणून. खिशात पाणी होतं. किल्ली नव्हती. दुसऱ्या खिशात होता तो एक ओला रुमाल. नऊ जण आणि ताई, सगळ्यांनी तळ्याचा तळ पायांनी चाचपला. दोन चमचे आणि एक चपलेचा पट्टा मिळाला.

घरी येऊन मी बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिलो. पायांखाली पाण्याचं थारोळं साठत होतं.

"किल्ली तळ्यात टाकलीत?" ती म्हणाली. "अहो, आईने मिनिट उभं राहून दाखवलं आणि तुम्ही किल्ली बुडवलीत?"

"टाकली नाही गं, पडली."

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातला कपडा उचलला आणि खालून एक किल्ली काढली. त्याच स्कूटरची.

बायकोने ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"आई, ही केव्हापासून आहे तुझ्याकडे?"

"पहिल्यापासून. स्कूटर घेताना दोन देतात."

"मग आठ महिने... आम्ही दोघं कामावर असायचो, घरात कोणी नसायचं. एकदाही का नाही चालवलीस?"

"कबूल म्हटलं होतं ना तुला," बाई म्हणाल्या.

बायको काहीतरी उतू जातंय म्हणत आत गेली. गॅसवर काहीही नव्हतं. मग तिने आतूनच भाच्याला फोन करून सांगितलं की उद्या येऊ नकोस. बाई त्याच संध्याकाळी एकट्या जाऊन साबण घेऊन आल्या. दोन घेऊन आल्या.

आता खरं तर इथेच संपायला हवं. पण माझ्या कानात तळं राहिलं होतं. सोमवारी एका घरी पडदा लावायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढलो आणि खोली फिरायला लागली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा! भिंत धरून उतरलो, कसाबसा घरी आलो. बाईंनी माझ्याकडे एकवार पाहिलं, डॉक्टरांना फोन केला आणि स्कूटर दारात आणून उभी केली.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. या वेळी व्याकरण बरोबर होतं.

"बोलायचं असेल तर डाव्या खांद्यावरून बोला. उजवीकडच्या आरशात तुमचं डोकं येतं," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. मी मागे जीव मुठीत धरून बसलो आणि रस्ताभर सांगत राहिलो. "हळू, बाई! पुढे खड्डा! ब्रेक, ब्रेक! ती म्हैस बघा! नाही, ट्रक आहे तो! बस, बस, बस!" बाई शांतपणे, सुतासारखी सरळ स्कूटर चालवत होत्या. एका शब्दानेही रागावल्या नाहीत. मला त्यांच्या संयमाचं फार कौतुक वाटलं.

दवाखान्याच्या दारात त्यांनी स्कूटर लावली आणि हसून विचारलं, "रस्त्यात काही म्हणत होता का, जावईबापू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तळ्यावरही त्यांनी मला डावीकडेच का उभं केलं होतं.