सावली बघणे कार्यक्रमात नाही

पनवेलच्या 'विहंगम हवाई सहली' या संस्थेच्या नियमावलीत 'पाहणे' या क्रियेची व्याख्या दिलेली आहे. एखादे स्थळ पाहिले असे केव्हा समजावे? त्या स्थळासमोर सर्व प्रवाशांचा संस्थेच्या पिवळ्या टोपीसह सामुदायिक फोटो निघाला आणि प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी सहल व्यवस्थापकाला सांगितला, म्हणजे. मग अ‍ॅपवर त्या स्थळापुढे 'दर्शन पूर्ण' अशी हिरवी खूण उमटते. व्याख्येत डोळ्यांचा उल्लेख नाही. तो नजरचुकीने राहिला असे कोणी समजू नये. मोतीबिंदू झालेल्या ज्येष्ठ नागरिकांवर अन्याय होऊ नये म्हणून तो विचारपूर्वक वगळला आहे.

काळूराम घरत यांनी ही नियमावली वाचली नव्हती. त्यांच्या मुलाने, हृतिकने, उलव्यातल्या एका इमारतीचे काम मिळाल्याच्या आनंदात आईवडिलांना 'एका दिवसात जयपूर' ही सहल भेट दिली आणि खाली 'मला मान्य आहे' असे लिहिले होते तिथे त्यांच्या वतीने टिचकी मारली. सकाळी विमानाने जायचे, सात स्थळे बघायची, शंभर मिनिटे खरेदी करायची आणि त्याच दिवशी घरी परतायचे. काळूरामांना सातांतल्या सहा स्थळांशी काही कर्तव्य नव्हते.

ते पनवेलच्या एका शाळेत तेहतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होते. दर वर्षी फेब्रुवारीत विज्ञानाच्या सुमतीबाई मुलांना मैदानात आणायच्या आणि काळूराम प्लायवूडचे, स्वतः कापून केलेले सूर्यघड्याळ उन्हात मांडायचे. बाई सांगायच्या, "जयपूरला जंतरमंतरात याच जातीचं सम्राट यंत्र आहे. नव्वद फूट उंच. त्याची सावली सेकंदाला एक मिलिमीटर सरकते. उभं राहिलं तर डोळ्यांनी दिसते." मग एखादे पोर हमखास विचारायचे, "खरंच दिसते, बाई?" बाई काळूरामांकडे बघायच्या, काळूराम प्लायवूडकडे. प्लायवूडवरची सावली सरकलेली दिसायची, सरकताना कधी दिसायची नाही. तेहतीस तुकड्या त्या प्रश्नाचे उत्तर न घेता पुढच्या वर्गात गेल्या. बाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्या. प्रश्न तेवढा काळूरामांकडे राहिला.

म्हणून निघताना त्यांनी शर्टाच्या खिशात खराट्याचा एक हीर ठेवला. मोठ्या सावलीची कड धूसर असते, ती नेमकी कुठे संपते ते कळत नाही. तिच्याजवळ बारीक काडी धरली, की काडीची सावली जिथे नाहीशी होते तिथे कड. हेही बाईंनीच शिकवले होते.

"जयपुरात खराटा नाय का?" त्यांच्या बायकोने, कमळाबाईंनी, विचारले.

"हाय. पण त्यो आपला नाय," काळूराम म्हणाले.

जयपूरच्या विमानतळावरून बस सुटताच सहल व्यवस्थापक सत्यजीत माइक घेऊन उभा राहिला. तो एम.बी.ए. होता आणि वेळेची किंमत जाणत होता. "मंडळी, शहरात ट्रॅफिक आहे. मागच्या बॅचचा निम्मा वेळ ओटीपी सांगण्यात गेला. म्हणून सातही ठिकाणांचे ओटीपी आपण आत्ताच घेऊन टाकू. म्हणजे तिथे गेल्यावर निवांत."

टाळ्या पडल्या. वीस वर्षे कुवेतला काढून पनवेलात हार्डवेअरचे दुकान टाकलेले अब्दुलभाई पहिले उठले. त्यांनी स्वतःचे सात आणि बायकोचे, सकीनाबींचे, सात असे चौदा ओटीपी एका दमात सांगितले. हवामहालापर्यंत पोहोचायच्या आत बसमधल्या बहुतेकांचे जयपूर बघून झाले होते.

याचा परिणाम लगेच दिसला. हवामहालासमोर बस थांबली तेव्हा उतरणाऱ्यांची संख्या कमी होती. "तुमचं झालंय ना? मग उन्हात कशाला?" असे लोक एकमेकांना विचारू लागले. जलमहाल खिडकीतून दिसत होता, पण पडदा कोणी सरकवायचा यावरून वाद झाला आणि तोवर जलमहाल गेला. अ‍ॅपवर त्याला हिरवी खूण होतीच. त्याचा सामुदायिक फोटो सत्यजीतने बस समोरून जातानाच, आत सगळ्यांना डाव्या बाजूला बसवून काढला. अट 'स्थळासमोर' एवढीच होती आणि बस स्थळासमोर होती.

अ‍ॅपवर फक्त एक चौकोन लाल राहिला होता.

"घरतकाका, जंतरमंतरचा तुमचा ओटीपी राहिला," सत्यजीत म्हणाला.

"त्यो नंतर देतो."

"नंतर का?"

"आधी बघतो. बघल्याबिगर कसा देऊ?"

"काका, ओटीपी म्हणजे फक्त पोच."

"पोच माल आल्यावर देतात ना? अब्दुलशेठ, तुमी सांगा, गोणी उतरायच्या आधी सही करता?"

अब्दुलभाईंचा धंद्याचा प्रश्न आल्यामुळे त्यांना खोटे बोलता येईना. "नाय करत," ते म्हणाले, आणि सकीनाबींनी कोपराने ढोसल्यावर पुढे म्हणाले, "पण काका, ती सिमेंटची बात. ही तर नुसती सावली आहे."

सत्यजीतने परिस्थिती शांतपणे मांडली. सॉफ्टवेअरच्या रचनेनुसार अडतीसच्या अडतीस खुणा हिरव्या झाल्याशिवाय एक टप्पा बंद होत नाही, आणि तो बंद झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही. पुढचा टप्पा खरेदीचा होता. एका प्रवाशाच्या बघण्याच्या हट्टामुळे छत्तीस प्रवाशांचे लहरिया दुपट्टे अडकणार होते. छत्तीस, कारण कमळाबाईंनी ओटीपी दिला असला तरी त्यांना नवऱ्याच्या बाजूचे समजण्यात आले.

जंतरमंतरला पोहोचायला दोन वाजून वीस मिनिटे झाली. कार्यक्रमात इथे चार मिनिटे होती. सम्राट यंत्राची भिंत जिन्यासारखी आभाळात गेली होती आणि तिच्या बाजूला संगमरवरी कमानीवर, बारीक रेघोट्यांच्या फुटपट्टीवर, सावली पडली होती. सत्यजीतने कमानीवरचा आकडा वाचला, मोबाइल बघितला आणि मान हलवली.

"एक एकोणचाळीस दाखवतंय. एक्केचाळीस मिनिटं मागे आहे. म्हणूनच कंपनीने याला चारच मिनिटं दिलीत."

"मागं नाय ते," काळूराम म्हणाले. "ही हितल्या सूर्याची वेळ. मोबाइलमधली अख्ख्या देशाला मिळून एक."

"तेच म्हणतो ना काका. आउटडेटेड."

फोटोला सगळे यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. काळूराम आणि कमळाबाईही राहिले, कारण फोटोबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एकाची टोपी उडाली, एकीला गॉगल लावून एक आणि काढून एक असे दोन फोटो हवे होते. चार मिनिटे संपली. सत्यजीतने शिट्टी वाजवली, मंडळी बसकडे निघाली आणि काळूराम उलट दिशेने कठड्याशी गेले.

त्यांनी हीर बाहेर काढला आणि न टेकवता, दगडापासून बोटभर वर धरला. हीर स्थिर राहीना. कड सापडायची आणि हरवायची. कमळाबाई त्यांच्यामागे पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

"अवो, बस थांबलीय."

"थांबू दे. तिला ड्रायवर हाय."

बसमध्ये एसी चालू होता आणि लोकशाहीही. पाच मिनिटांत एक समिती नेमली गेली. काळूरामांना फोन लावण्यात आला. तो कमळाबाईंच्या पिशवीत होता आणि पिशवी बसमध्ये होती. मग ठराव झाला की सर्वांनी मिळून त्यांची समजूत काढावी. ज्या लोकांनी हवामहालासाठी बस सोडली नव्हती, ते सगळेच्या सगळे एका म्हाताऱ्याचे बघणे थांबवण्यासाठी पुन्हा उन्हात उतरले.

"काका, माणसाने थोडा इतरांचाही विचार करावा," बँकेत मॅनेजर असलेल्या वल्लरीताई म्हणाल्या.

"करतो ना. तुमीबी बघा. तिकीट तुमचंबी काढलंय."

"पण यात बघायचं काय?"

"सावली सरकते ते."

"ती सगळीकडेच सरकते. आमच्या बाल्कनीत पण सरकते."

"सरकताना बघितलीय?"

वल्लरीताईंनी आठवून बघितले. त्यांना कपडे वाळलेले आठवले.

सत्यजीतने आता तोडगा काढला. त्याने मोबाइल पुढे केला. "हे बघा काका, कोणीतरी इथेच काढलेला व्हिडिओ. अख्खा दिवस बारा सेकंदांत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकते. तुमचं पण काम झालं, आमचं पण."

व्हिडिओ सगळ्यांना आवडला. छत्तीस जण मोबाइलभोवती गोळा झाले. "वा, काय सरकते!" असे उद्गार निघाले. काहींनी तो आपल्याला पाठवायला सांगितला. त्या घोळक्याच्या डोक्यांची सावली कमानीवर पडली आणि काळूरामांची कड पुसली गेली.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "ऊन अडतंय."

तेवढ्यात सत्यजीतच्या लक्षात आले की सर्व प्रवासी खाली उतरलेले आहेत, आणि नियमाप्रमाणे सर्व प्रवासी एका स्थळी उतरले की फोटो बंधनकारक आहे. त्याने सगळ्यांना पुन्हा रांगेत उभे केले. "हलू नका. श्वास रोखा. हसा."

त्या दिवसात प्रथमच जयपुरात शांतता पसरली. छत्तीस जण यंत्राकडे पाठ करून, न हलता, हसत उभे होते. त्यांच्यामागे काळूरामांनी मनगट दुसऱ्या हाताने धरले. हिराची सावली दगडावर स्पष्ट उमटली, पुढे गेली आणि एका रेघेपाशी नाहीशी झाली. काळूरामांनी श्वास घेतला नाही. नाहीशी होण्याची जागा त्या रेघेवरून सुटली. पुढच्या रेघेकडे निघाली. तिथे पोहोचली. थांबली नाही.

"अगो बाय," कमळाबाई कुजबुजल्या. "चालतेय की ती. मुंगीवानी चालतेय."

आणखी तीन रेघा गेल्यावर काळूरामांनी हीर खिशात ठेवला, डोळे पुसले, आणि बसमध्ये चढून पिशवीतला मोबाइल काढून सत्यजीतला सहा आकडे नीट, सावकाश वाचून दाखवले. लाल चौकोन हिरवा झाला. बसने त्यांच्याकडे बघितले नाही.

आठवड्याने नोटीस आली. 'दर्शनाच्या वेळेत प्रत्यक्ष बघत राहिल्यामुळे आपण इतर प्रवाशांच्या दर्शनात व्यत्यय आणला. अकरा मिनिटांच्या विलंबामुळे खरेदीचा कालावधी शंभरवरून एकोणनव्वद मिनिटांवर आला. तसेच दुसऱ्या सामुदायिक फोटोत आपण उभयतां पाठमोरे असल्याने तो फोटो सदोष ठरला आहे. आपली नावे पुढील सर्व सहलींतून का वगळू नयेत याचा खुलासा स्नेहमेळाव्यात करावा.'

"पप्पा, सॉरी बोलून मोकळे व्हा," हृतिक म्हणाला. "आईला अमृतसर बघायचंय."

स्नेहमेळावा कळंबोलीच्या एका सभागृहात होता. पडद्यावर सहलीचे फोटो चालले होते. काळूराम उठले. "सॉरी बोलतो," ते म्हणाले. "पण आधी ते दोन फोटो शेजारी शेजारी लावा. चार मिनिटवाला आणि नंतरचा."

सत्यजीतने लावले. काळूराम पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवले.

"हा दगडावरचा काळा डाग बघा. पयल्या फोटोत सावली त्याच्या अलीकडं हाय. दुसऱ्यात पलीकडं गेली. अकरा मिनिटात दीड हात. तुमी बोलला बघायला काय नाय. तुमच्या पाठीमागं ती चालत व्हती, आणि तुमीच तिचा फोटो काढलाय. आता तरी बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा."

छत्तीस माणसे पुढे वाकून पडद्याकडे बघू लागली. कोणी चष्मा पुसला. कोणी खुर्ची पुढे ओढली. इतक्या एकाग्रतेने बघणारी माणसे काळूरामांनी तेहतीस वर्षांत एकाही वर्गात पाहिली नव्हती. त्यांनी कमळाबाईंकडे बघितले. त्याही आशेने बघत होत्या.

"या अल्ला," अखेर अब्दुलभाई म्हणाले. "दोन्हीकडं माझे डोळे मिटलेत!"

"मी इतकी जाड दिसते?" वल्लरीताईंनी विचारले.

"मी कुठंय? हां, ही टोपी माझी."

"पहिल्यात मी बरी आलेय. पहिला पाठवा."

काळूरामांनी डागावरचे बोट काढले नाही. थोड्या वेळाने त्यांच्या हाताची सावली पडद्यावर पडून शेवटच्या रांगेतली दोन माणसे झाकली जाऊ लागली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, "काका, बाजूला व्हा, आम्ही दिसत नाही!"

त्यांनी सॉरी म्हटले. संस्थेने ते स्वीकारले. दुसरा फोटोही वाया गेला नाही. दोन पाठमोरी माणसे आणि त्यांच्यासमोरचा कमानीचा तुकडा कापून टाकल्यावर तो निर्दोष झाला आणि माहितीपत्रकावर छापला गेला.

येथवर वाचून ज्यांना त्या छत्तीस जणांचे हसू आले असेल, त्यांनी आपल्या मागच्या सहलीचा एक सामुदायिक फोटो आठवावा. तो न उघडता, आपल्या मागे काय होते ते सांगावे. जमले नाही तर उघडून बघण्यास हरकत नाही. मात्र उघडल्यावर नजर सर्वांत आधी कोणाला शोधते, ते प्रामाणिकपणे कळवावे. ओटीपीची आवश्यकता नाही.