ताई बारीक झाली त्याची गोष्ट

"रंगीत फोटोला डोकं लागतंच कुठे? सगळं काम रंगच करतात," फोटोग्राफर बायकोच्या देखत पुन्हा एकदा म्हणाला, आणि तेही ताई समोर बसलेली असताना. स्टुडिओ नवराबायको दोघांचा. कृष्णधवल त्याचं, रंगीत तिचं आणि वाद सामायिक.

"तुमच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चूक झाली तर तिला कला म्हणता येतं," बायको फणकारली. "माझ्याकडे चेहरा जरा पिवळा आला की गिऱ्हाईक विचारतं, कावीळ झालीय का मला?"

ताई ही त्याची थोरली बहीण. तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला फोटो काढायचे सोडून हा पठ्ठ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. तेव्हापासून तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. आज बायकोने हातापाया पडून तिला आणलं होतं. एक चांगला फोटो घेऊन ताईने हसत घरी जावं, एवढीच त्याची इच्छा होती. तिच्यावाचून त्याला करमत नसे, पण तसं सांगायला जीभ रेटत नव्हती.

"भांडता कशाला?" ताई म्हणाली. "आज अदलाबदल करा. तू रंगीत काढ, हिला ब्लॅक अँड व्हाइट काढू दे. कुणाला किती येतं ते बघूच."

आता माघार कोण घेणार? फोटोग्राफरने ताईला ट्यूबलाइटखाली बसवलं. ही त्याची लाडकी जागा. तिथल्या मऊ उजेडात चेहऱ्याची गोलाई अशी उतरायची की बघत राहावं. बायकोच्या नजरेत मात्र ताईचा लालभडक कोट भरला. तिने आपल्या पाळीला मागे गडद हिरवा पडदा सोडला. "आता बघा वन्सं कशा उठून दिसतात!"

दुपारी फोटो छापून झाले आणि आतल्या खोलीत फोटोग्राफरने आपला रंगीत फोटो उजेडात धरला. ट्यूबलाइटचा हिरवटपणा डोळ्यांना कळत नाही, रंगीत फिल्मला कळतो. बायकोने छापताना पुष्कळ सावरूनही ताई अंथरुणातून उठवून आणल्यासारखी दिसत होती.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर मी हरलो नसतो का?"

मग त्याने मोठ्या आशेने बायकोचा फोटो पाहिला. लाल कोट आणि हिरवा पडदा, दोन्ही एकाच राखाडी रंगाचे झाले होते. कोट पडद्यात पार विरघळला होता. उरला होता ताईचा चेहरा आणि मांडीवरचे दोन हात.

"अगं, माझ्या फिल्मला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तू जिंकली नसतीस?"

ताई आता कायमची तुटली, या विचाराने त्याला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी दोन्ही फोटो घेऊन ते बाहेर आले.

रंगीत फोटो ताईने बघितला आणि पालथा घातला. दुसरा मात्र ती बराच वेळ निरखत बसली.

"अगं बाई! माझं पोट कुठे गेलं?"

तिने फोटो दोघांच्या पुढ्यात धरला.

"इतकी वर्षं हा माझे फोटो काढतोय, प्रत्येकात मी कपाटाएवढी. आणि हिने पहिल्याच फटक्यात मला बारीक केलं! बाळ्या, ब्लॅक अँड व्हाइट जरा बायकोकडून शिकून घे."

फोटोग्राफरने तोंड उघडलं. बायको खाली बघत ओठ दाबून उभी होती. समोर ताई किती तरी वर्षांनी मनापासून हसत होती.

"शिकतो," तो म्हणाला.

"शीक. आणि पुढच्या महिन्यात आम्ही चार दिवस राहायलाच येतो. ह्यांचं पोट तर माझ्या दुप्पट आहे."